बडोदे, कावी आणि उत्तर ध्रुवाचं पाणी

शुक्रवार

उत्तरायण उलटून आठवडा झाला होता, तरी सयाजीगंजपासून दांडिया बाजारापर्यंत विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते आणि रिक्षावाल्याने गळ्याभोवती मफलर गच्च गुंडाळला होता. थंडीसाठी नव्हे, मांज्यासाठी. जानेवारीतलं बडोदं मला एरवीही आवडतं, पण या खेपेला येण्याचं कारण भाची होती. मामेबहिणीची ही धाकटी लेक जर्मनीतल्या एका संस्थेत काम करते आणि गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरात बर्फ फोडणाऱ्या जहाजावरून आर्क्टिक महासागरात जाऊन आली. ती थोड्या दिवसांच्या रजेवर घरी आली होती, तेवढ्यात तिला गाठायचं होतं.

ताईचं घर जुनंच. लाकडी जिना, माजघरात झोपाळा, आणि मराठीत मध्येच ‘हवे’, ‘चालो’ येऊन जाणार. भाऊजींचं रागावणं तर संपूर्ण गुजरातीत असतं. चहा होतोय तोच भाचीने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आत काळा कुळकुळीत लोकरीचा पुंजका.

“हात लाव मावशी, काही होत नाही.”

बोटांना किंचित खरखरीत लागला, आणि चिमटीवर तपकिरी डाग राहिला तो रात्रीपर्यंत गेला नाही. ही लोकर मुळात पांढरी, ॲक्रिलिकची, स्वेटरला वापरतात त्याच जातीची. पोटॅशियम परमँगनेटच्या ७५ अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावणात ती बुडवली की धाग्यावर मँगनीज डायऑक्साइडचा थर चढतो आणि ती काळी होते. परमँगनेट म्हटल्यावर ताईला लगेच ओळख पटली. पावसाळ्यात वाड्याच्या विहिरीत टाकायचे ते जांभळं औषध! द्रावण जास्त तापलं तर लोकरीच्या गाठी होतात आणि अख्खी घाणी वाया जाते. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. जहाजावर निघण्याआधी हेच काम आठवडेच्या आठवडे चालतं. पीएचडी म्हणजे काय, तर बरंचसं धुणं, असं ताईचं मत झालं आहे.

हा सगळा खटाटोप रेडिअमसाठी, कारण पाणी कुठून आलं ते हा किरणोत्सारी धातू सांगतो. समुद्राच्या पाण्यात रेडिअम इतकं कमी असतं की बादलीभर पाण्यात काही मोजता येत नाही. म्हणून शेकडो लिटर पाणी या लोकरीतून संथपणे सोडायचं, मिनिटाला लिटरभर. मीठ निघून जातं, रेडिअम त्या काळ्या थराला चिकटून राहतं. २५० लिटरला चार तासांच्या वर लागतात. आर्क्टिकमध्ये हे कधी जहाजावरून होतं, कधी बर्फाच्या लादीला भोक पाडून खाली पंप सोडून. पंप जरा थांबला की नळीतलं पाणी गोठतं. चार पावलांवर एक माणूस बंदूक घेऊन उभा असतो, अस्वलांवर नजर ठेवायला. तो लोकरीकडे बघतसुद्धा नाही, असं भाची म्हणाली.

मोजणी त्याहून नाजूक. लोकर गोड्या पाण्याने धुवायची, पिळायची आणि बोटांनी मोकळी करायची. फार ओली राहिली तर रेडिअमपासून होणारा रेडॉन वायू धाग्यातच अडकतो, फार वाळली तरी तो नीट सुटत नाही. दमट हवी. मग तिच्यातून हेलियम फिरवून तो रेडॉन मोजणीच्या कुपीत न्यायचा. रेडिअम-२२४ आणि रेडिअम-२२३ हे रेडिअमच्याच अणूंचे दोन भाऊ वेगळे कसे ओळखायचे, तर कुपीत एकापाठोपाठ होणाऱ्या दोन स्फुरणांमधल्या, म्हणजे प्रकाशाच्या ठिणग्यांमधल्या, वेळावरून. रेडिअम-२२३ च्या घराण्यात दुसरं स्फुरण सेकंदाच्या काही हजाराव्या भागात येतं, रेडिअम-२२४ च्या घराण्यात साधारण सातव्या भागात. यंत्र तेवढा वेळ दार किलकिलं ठेवतं आणि कोण आत आला ते टिपून घेतं. हे मला फारच आवडलं. मी तिला दोनदा सांगायला लावलं.

भाऊजी तोवर पेपरआड होते. “किरणोत्सारी म्हणजे धोक्याचंच ना? पोरीला कशाला असल्या कामात...”

“बाबा, समुद्राच्या वरच्या थरातल्या १०० लिटर पाण्यात रेडिअम-२२६ चे मिनिटाला आठ-दहा अणू फुटतात. माणसाच्या शरीरात पोटॅशियम-४० असतं, त्याचे सेकंदाला ४,००० च्या आसपास. या खोलीत सगळ्यात किरणोत्सारी कोण असेल तर आपण.”

भाऊजींनी पेपर घडी करून ठेवला आणि केळं सोलायला घेतलं. त्यातही पोटॅशियम असतं, हे तिने सांगितलं नाही.

शनिवार

सकाळी सेव उसळ. वाटाण्याची उसळ, वर जाड शेव, कांद्याची पात, लसणाची लालभडक तिखट तरी आणि पाव. तरी मागेल तितकी देतात आणि बाहेरगावचा माणूस इथेच फसतो.

तिथून कमाटी बागेत. सयाजीरावांच्या या बागेतल्या संग्रहालयात मी लहानपणी मामाबरोबर आले होते, तेव्हा ममी बघून रडले होते म्हणे. ममी अजून आहे. पण भाचीला दाखवायचा होता तो देवमासा. १९४४ साली महीच्या मुखाशी लागलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा, लांबी सत्तर फुटांच्या आसपास. खालून चालत गेलं तर बरगड्या संपता संपत नाहीत. शाळेची एक सहल आली होती, मास्तर ‘हाथ नहीं लगाडवानो’ म्हणून ओरडत होते आणि पोरं नेमकी तेच करत होती.

“हा अंटार्क्टिकाचा?” मी विचारलं.

“असेलच असं नाही. उत्तर हिंदी महासागरात निळ्या देवमाशांचं वेगळं कुटुंब आहे. पण याच्या दक्षिणेकडच्या भाईबंदांचं पोट ज्यावर चालतं, त्यावरच आमची निम्मी भांडणं आहेत.”

भांडण असं. दक्षिण महासागरात प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, लागणारं नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, पण लोह कमी. लोह मिळालं की प्लवकांची वाढ होते, त्यावर कोळंबीसारखे छोटे क्रिल जगतात, क्रिलवर देवमासे. प्लवक वाढताना हवेतला कार्बन पाण्यात ओढला जातो. तो तळाकडे बुडाला तर कामाचा, वरच खाल्ला गेला तर फिरून हवेत. मग बुडाला किती, हे कसं कळणार? समुद्राच्या तळाशी डबा धरून कोण बसणार?

इथे थोरियम-२३४ येतं. आणि इथे, बँकेत जन्म घालवल्यामुळे असेल, मला सगळं एका दमात कळलं. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, लिटरमागे तीन मायक्रोग्रॅमच्या थोडं वर, आणि त्याचं प्रमाण मिठाच्या प्रमाणात जातं. म्हणजे पाण्याची क्षारता मोजली की युरेनियम कळलं. युरेनियम-२३८ ठरलेल्या गतीने थोरियम-२३४ तयार करत राहतं. ही झाली जमा. युरेनियम पाण्यात मजेत राहतं, थोरियमला मात्र पाणी सोसत नाही. ते दिसेल त्या कणाला चिकटतं आणि कणाबरोबर खाली जातं. वरच्या शंभर-दोनशे मीटर पाण्यात थोरियम मोजायचं. ही शिल्लक. जमा माहीत, शिल्लक माहीत, फरक तो खर्च, म्हणजे बुडालेला. पासबुकात नाव कुणाचं का असेना, हिशेब चुकत नाही. बुडणाऱ्या कणांवर थोरियमच्या मानाने कार्बन किती, हे पंपाने गाळून पाहिलं की कार्बनचाही खर्च निघाला. थोरियम-२३४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, २४ दिवसांचं, त्यामुळे हा हिशेब गेल्या काही आठवड्यांचाच असतो. ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात प्लवकांचा बहर तेवढाच टिकतो. माप बेताचं बसलं.

२००९ मध्ये लोहाफेक्स नावाची मोहीम झाली. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, जहाज पोलारस्टर्न. दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं मीठ सोडलं. त्याआधी जर्मनीत पर्यावरणवाल्यांनी रान उठवलं, मोहीम काही दिवस अडकली, मग परवानगी मिळाली. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात सिलिकेट कमी, त्यामुळे ज्यांचं जाड कवच त्यापासून बनतं ते जड, बुडणारे डायटम नावाचे प्लवक वाढलेच नाहीत, आणि जे वाढले ते छोट्या जिवांनी वरच्या वर फस्त केले. थोरियमच्या हिशेबात लोह टाकलेल्या पाण्यात आणि बाहेरच्या पाण्यात फारसा फरक निघाला नाही. समुद्रात लोखंड ओतून हवामान सावरता येईल म्हणणाऱ्यांना हे निकाल सोयीचे नव्हते. मला विचाराल तर एवढ्या एका आकड्यासाठीसुद्धा तो खर्च वसूल झाला.

ममीपाशी पुन्हा थांबलो. तिथे मेलेल्या जिवाचं वय सांगणारा किरणोत्सारी कार्बन-१४ निघणार हे ओघानंच आलं. भाचीने त्यावर एक गंमत सांगितली: अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर नुकत्याच मेलेल्या सीलचं वय कार्बन-१४ ने काढलं तर हजार वर्षांहून जास्त येतं. पद्धत चुकलेली नसते. तिथे खोल समुद्रातलं पाणी वर येतं. ते शेकडो वर्षं हवेला लागलेलं नसतं, त्यातलं कार्बन-१४ क्षीण झालेलं असतं. ते पाणी प्लवकांत, प्लवक क्रिलमध्ये, आणि शेवटी म्हातारं पाणी सीलच्या हाडात. ताई म्हणाली, “म्हणजे खाल्ल्या अन्नाचं वय लागतं.” हो, तसंच.

संध्याकाळी सूरसागरच्या कठड्यावर बसून लीलो चेवडो खाल्ला. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की संपला.

रविवार

कावी-कंबोईला जायचं भाचीच्या मनात, स्तंभेश्वराला जायचं ताईच्या मनात. जागा एकच, त्यामुळे वाद झाला नाही. पादरा, जंबुसर असं पाऊणशे किलोमीटर. जंबुसरकडे काळी कसदार जमीन लागते, कापूस आणि तूर. गाडीत भाऊजींनी शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांचा विषय काढला, कारण अहमदाबाद गुजरातेत आहे आणि ते त्यांना सिद्ध करायचं होतं. लाल १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेतून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत संचालक म्हणून आले. त्याआधी, १९६० मध्ये, त्यांनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी सागरी स्पंजांच्या काचेसारख्या सांगाड्यात सिलिकॉन-३२ शोधलं होतं. विश्वकिरण वातावरणातल्या अणूंवर आदळून ते तयार होतं आणि पावसाबरोबर समुद्रात पडतं. “म्हणजे काही अणू आकाशातून, काही मातीतून,” भाऊजी म्हणाले. हे त्यांनी कुठून ऐकलं असेल ते उघडच होतं.

स्तंभेश्वर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, म्हणून तिथीप्रमाणे वेळ बघूनच निघावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. पिंडीवर ओल्या गाळाचा बारीक थर, बेलाची पानं त्याच गाळात रुतलेली. ताईने पुसून घेतलं आणि दूध घातलं. पाण्याचा रंग समुद्राचा नाहीच, दुधाळ चहाचा म्हणावा तसा तपकिरी. मैलभर नुसता गाळ. मुलं त्यात घोट्यापर्यंत जाऊन फोटो काढत होती.

भाचीने चप्पल काढून बाटली भरली आणि कठड्यावर ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी बोटभर गाळ बसला. “इथून सुरू होतं सगळं,” ती म्हणाली.

नदीच्या गाळात थोरियम असतं, पृथ्वीच्या जन्मापासूनचं. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं, ते काही संपत नाही. त्यापासून रेडिअम होत राहतं. गोड्या पाण्यात रेडिअम गाळाला धरून असतं. खारं पाणी लागलं की मिठातले अणू त्याला ढकलून बाहेर काढतात आणि ते विरघळून निघतं. गाळ मागे राहतो, त्यात नवं रेडिअम तयार होतं, पुढची भरती तेही घेऊन जाते. किनारा सोडला की पाण्याला नवं रेडिअम जवळपास मिळत नाही. तिथून उलटी मोजणी सुरू. रेडिअम-२२४ चं अर्धायुष्य पावणेचार दिवसांच्या आत, रेडिअम-२२३ चं अकरा दिवसांच्या वर, रेडिअम-२२८ चं पावणेसहा वर्षं, रेडिअम-२२६ चं १,६०० वर्षं. समुद्राच्या मध्यावर घेतलेल्या पाण्यात पहिलं सापडलं तर ते पाणी किनाऱ्यापासून निघून फार तर दोन-तीन आठवडे झालेत. पहिली दोन्ही नाहीत पण रेडिअम-२२८ भरपूर आहे, तर काही महिने किंवा वर्षं. पाण्यात कुणी रंग सोडायला नको, बाटलीत चिठ्ठी घालून फेकायला नको.

चिठ्ठीवरून तिने नान्सेनची गोष्ट सांगितली. ‘जेनेट’ नावाचं अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडलं आणि बुडालं. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यातलं सामान ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडलं, त्यात खलाशाची तेलकापडाची विजारसुद्धा. विजार चालत गेली नव्हती. म्हणजे सायबेरियाकडून ध्रुव ओलांडून ग्रीनलंडकडे बर्फ वाहतो. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने ते मनावर घेतलं, ‘फ्राम’ हे मजबूत जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं आणि १८९६ मध्ये पलीकडे बाहेर पडला. २०१९ च्या शरदात पोलारस्टर्न जहाजाने मोझाइक मोहिमेत तेच केलं आणि सुमारे दहा महिन्यांत बर्फाबरोबर ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या फ्राम सामुद्रधुनीपाशी पोचलं. दोघांच्या सुरुवातीच्या जागा वेगळ्या, म्हणून थेट तुलना करू नये, पण बर्फ आता पातळ आहे आणि लवकर हलतो हे खरं.

हा प्रवाह तिच्या कामाचा गाभा. आर्क्टिक महासागराचा जवळपास निम्मा भाग म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, सायबेरियाच्या बाजूला तर शेकडो किलोमीटर रुंद. जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी आर्क्टिकमध्ये एक टक्का, पण जगभरच्या नद्यांचं दहाव्या हिश्श्याएवढं पाणी त्यात येतं: लेना, ओब, येनिसेई. उथळ तळावर गाळ, गाळात थोरियम. त्यामुळे ध्रुवाजवळ, किनाऱ्यापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर, वरच्या पाण्यात रेडिअम-२२८ सापडतं ते या प्रवाहाने आणलेलं. २०१५ मध्ये जिओट्रेसेस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात अमेरिकेचं हीली, जर्मनीचं पोलारस्टर्न आणि कॅनडाचं अमुंडसेन या जहाजांनी आर्क्टिक पिंजून काढला. त्यात मध्य आर्क्टिकच्या वरच्या पाण्यातलं रेडिअम-२२८ हे २००७ च्या मानाने जवळपास दुप्पट निघालं.

“दुप्पट म्हणजे वाईट?” मी विचारलं.

“रेडिअमचं काही नाही. ते सांगतंय की किनाऱ्याकडून जास्त माल येतोय.” सायबेरियाच्या उथळ समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त हटतो. झाकण गेलं की वारा पाणी तळापर्यंत घुसळतो आणि तळातलं रेडिअम वर येतं. त्याच वाटेने लोह, पोषकद्रव्यं, गोठलेल्या मातीतला कार्बनही येऊ शकतो. लोह आणि कार्बन वाटेत खाल्ले जातात, बुडतात, रूप बदलतात, त्यांचा माग काढणं अवघड. रेडिअम फक्त ठरलेल्या गतीने फुटतं. म्हणून साक्षीदार म्हणून तेच पकडायचं.

मला एक बारीक चीड अशी आली की आपण ध्रुवांबद्दल ऐकतो ते नेहमी अस्वल आणि कोसळणारे हिमकडे. जे बदललं ते आधी इतक्या कमी अणूंत दिसलं, त्याची बातमी होत नाही. भाचीला चीड येत नाही. तिला पाण्यातल्या आयोडीन-१२९ चा मात्र राग आहे, कारण ते जवळपास सगळं माणसाने सोडलेलं आहे. ब्रिटनच्या सेलाफिल्ड आणि फ्रान्सच्या ला हागच्या अणुइंधन कारखान्यांतून सुटून ते नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिकमध्ये जातं. “वापरतो आम्ही तेही. अटलांटिकचं पाणी कुठवर घुसलं ते छान कळतं. पण वापरताना लाज वाटते.”

पाणी चढायला लागलं तसे पुजारी लोकांना वर बोलवायला लागले. गाळावरून पाणी येतं ते लाटेसारखं नाही, नुसतं सरकत येतं, आणि आपण बोलत उभे असताना पायाशी पोचलेलं असतं. पिंडी बुडेपर्यंत आम्ही थांबलो, मग ताईने बाटलीतला गाळ घरी नेऊ नको म्हणून भाचीला दटावलं. तिने नेला.

सोमवार

गाडी दुपारची होती. सकाळी मांडवीपर्यंत जाऊन भाकरवडी घेतली, ती न घेता परत गेलं तर घरात प्रवेश नाही.

जेवताना विषय निघाला तो पाडव्याचा. भाचीने सप्टेंबरात चार-चार लिटर पाण्याचे नमुने घेऊन त्यातलं थोरियम मँगनीजच्या साक्यावर गोळा केलं, गाळून काढलं आणि जहाजावरच मोजलं. पण त्या पहिल्या आकड्यात इतर अणूंचाही वाटा असतो. तो वजा करायचा तर थोरियम-२३४ संपूर्ण विझू द्यायचं, पाच-सहा महिने थांबायचं आणि तेच गाळकागद पुन्हा मोजायचे. दुसरी मोजणी मार्चमध्ये. म्हणून पाडव्याला येणं जमणार नाही, असं ती म्हणाली.

“सहा महिन्यांनी ते विझलेलं असणार,” ताई वाढता वाढता म्हणाली.

“हो.”

“मग सातव्या महिन्यातही विझलेलंच असेल ना?”

“असेल, पण आई, यंत्राला रांग असते. मार्चचा नंबर लागलाय.”

“एप्रिलचा लाव.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे. भाचीने फोन काढून कुणाला तरी जर्मनमध्ये लांबलचक काही लिहिलं. स्टेशनवर सोडायला आली तोवर उत्तर आलेलं नव्हतं.